पाच कामांचा दिवा

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सायकलच्या दिव्यातलं मला जेवढं कळतं, तेवढं देड्झापासून राजधानी लिलोंग्वेपर्यंत कुणाला कळत नाही. तीन आठवडे अभ्यास केलाय मी. चिंबियाच्या बाजारात दिवे विकणारी चार दुकानं आहेत, आणि चारही दुकानदारांनी मला 'आज घेणार आहेस की नुसताच हाताळणार आहेस?' असं विचारून झालंय. चौथा तर मी लांबून दिसलो की दुकानाच्या फळ्या लावायला घ्यायचा.

एवढा अभ्यास कशाला, तर माझा धंदाच सायकलचा. मागच्या कॅरिअरवर गादी बांधली आहे, तिच्यावर बसून लोक चिंबियाच्या डांबरी रस्त्यापासून आमच्या म्पाले गावापर्यंत येतात. सात किलोमीटर, त्यात खड्डे किती ते मोजायला अजून कुणी आलेलं नाही.

शिवाय मी घरजावई आहे. आमच्याकडे त्यात लाजण्यासारखं काही नाही, बहुतेक जावई बायकोच्याच गावात राहतात. लाज वाटते ती लग्नाला तीन वर्षं झाली तरी सासूबाई आपल्याला 'एनेलेसने आणलेला तो माणूस' म्हणतात तेव्हा. एनेलेस म्हणजे माझी बायको, आणि माझं नाव फायसन. उच्चारायला काही अवघड नाही.

आणि मुख्य दुखणं खुर्चीचं. दर शनिवारी घरच्यांची बैठक भरते. पुरुष खुर्च्यांवर, बायका चटईवर, आणि मी उलट्या बादलीवर. हा नियम जायलोसीमामांचा. मामा म्हणजे सासूबाईंचे सख्खे भाऊ, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. चर्चमध्येही त्यांना मान, गावसभेतही. मागच्याच महिन्यात 'डोंगरावरचं एकेक झाड म्हणजे आपलं लेकरू' असं भाषण करून त्यांनी दोन बायकांना रडवलं होतं. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "जावईबापू, ज्याला कायमचं काम नाही त्याला खुर्ची नाही."

आणि कायमचं काम चालून आलं की हो! आमच्या गावातल्या शाळेच्या हेडमास्तरांची बायको, सिस्टर नाचिसाले, चिंबियाच्या दवाखान्यात नर्स आहे. साडेसहाला सुटते, तोवर काळोख झालेला असतो.

"फायसन," ती म्हणाली, "गेल्या महिन्यात एकाने मला डबक्यात नेऊन बसवलं. गणवेशासकट. चांगला दिवा घे, मग रोजची सवारी तुझी. सोमवारी बसून बघते."

मी चौथ्या दुकानात गेलो. फळ्या लागायच्या आत आत शिरलो.

दुकानदाराने तीन दिवे मांडले. तिन्ही विजेवर चार्ज होणारे. पहिला काड्यापेटीएवढा.

"हा काय करतो?"

"उजेड."

"आणखी?"

"आणखी काय? दिवा आहे तो."

मी तो बाजूला सारला. माणसाने तीन आठवडे अभ्यास करून काड्यापेटी घ्यायची म्हणजे काय!

"या दुसऱ्याचा उजेड किती ल्युमेनचा?"

"तुला किती हवेत?"

"हजार."

"हजारच आहेत."

"आणि दोन हजार हवे असतील तर?"

त्याने खोकं फिरवलं. "हे बघ, या बाजूला दोन हजार लिहिलंय."

तिसरा दिवा मात्र बघताच मन गेलं. भोपळ्याएवढा. उजेड देतो, भोंगा वाजवतो, रेडिओ लावतो, पोलिसांच्या गाडीसारखा लाल-निळा चमकतो, आणि पाचवं म्हणजे त्याला वायर लावून मोबाईल चार्ज होतो. चाळीस टक्के जास्त पैसे आणि चौपट मोठेपणा. मी घेतला. न्हाव्याच्या दुकानात वीज आहे, तिथे पूर्ण भरून घेतला आणि घरी गेलो.

इथे मी एक चूक केली. तोंड उघडलं.

अंगणात सगळे जमले होते. मी दिवा बादलीवर ठेवला, भोंगा वाजवला, कोंबड्या पळवल्या आणि शेवटी म्हणालो, "आणि याच्यावर मोबाईलसुद्धा चार्ज होतो."

आमच्या गावात वीज नाही. मोबाईल चार्ज करायचा म्हणजे सात किलोमीटर जाऊन न्हाव्याकडे ठेवायचा, आणि तिथे रांग असली तर केसही कापून घ्यायचे. गावातल्या अर्ध्या पुरुषांच्या डोक्याचा तुळतुळीतपणा त्यातूनच आलाय.

आमच्याकडे जावई आणि सासू थेट बोलत नाहीत. मानाची पद्धत आहे. मधे एनेलेस बसते. सासूबाई माझ्यापासून तीन हातांवर होत्या. त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "एनेलेस, त्या माणसाला विचार, माझा फोन आधी लागेल ना?"

एनेलेस माझ्याकडे वळली. "आई विचारतेय, तिचा फोन आधी लागेल ना?"

"ऐकलं मी."

"'ऐकलं' म्हणजे हो की नाही?"

सासूला 'नाही' म्हणणारा जावई आमच्याकडे अजून जन्मला नाही, आणि जन्मला असेल तर त्याच्या आईकडे परत गेला असेल. सासूबाईंचा फोन लागला. मग मामांचा. मग शेजारणींचे तीन, पाटलांचे दोन आणि चर्चच्या गायनमंडळाचा एक. मामांनी शाळेची वही आणून नंबर लिहायला घेतले. दुसऱ्या दिवशी समिती झाली. अध्यक्ष मामा. माझा फोन सतरावा.

"मामा, दिवा माझा आहे," मी जरा धीर करून म्हटलं.

"म्हणूनच तू शेवटी," मामा म्हणाले. "घरच्यांनी पुढे घुसायचं नसतं."

असं चार दिवस चाललं. मी दिवसा न्हाव्याकडे दिवा भरायचा, रात्री गावाने तो रिकामा करायचा. सोमवारी मात्र मी शपथ घेतली. दुपारपर्यंत दिवा भरला, शर्टाच्या आत लपवला आणि घरी आलो. पोटावर भोपळा बांधलेला माणूस लपत नाही, तरी मी चोरपावलांनी खोलीत जाऊन तो गादीखाली सारला.

बाहेर आलो तर निरोप तयार होता. "आई म्हणतेय, मक्याच्या कणगीचं छप्पर गळतंय. आज शाकारून होईल का?"

जावयाचं कामच ते. दुपारभर छपरावर बसलो. खाली अंगणात लोक येत होते, जात होते, आणि मला वाटलं सासूबाईंची तब्येत विचारायला येत असावेत. पाच वाजता उतरलो, अंग धुतलं, मक्याच्या पिठाच्या न्सिमाचे चार घास गिळले. दिवा गादीखालीच होता. बटण दाबलं. लख्ख! मी हँडलला बांधला आणि निघालो.

सिस्टर दवाखान्याच्या दारात उभी होती. दिवा बघून म्हणाली, "बाई गं, हा सायकलला बांधलाय की सायकल याला?"

"पाच कामं करतो, सिस्टर."

"मला एकच हवंय. चल."

पहिली दहा मिनिटं मी राजा होतो. रस्त्यातला खडान्‌खडा दिसत होता. मी तिला प्रत्येक खड्डा आधी सांगत होतो आणि मग चुकवत होतो. मनातल्या मनात खुर्चीवर बसून पाय हलवायलाही लागलो होतो. तेवढ्यात उजेड पिवळा झाला. मग तांबूस. मी दिव्यावर एक चापट मारली, आणि तो लाल-निळा चमकायला लागला.

"हे काय आता?"

"चौथं काम, सिस्टर."

समोरून एक सायकल येत होती. मागे भलंमोठं पोतं. तिच्यावरच्या माणसाने लाल-निळा उजेड पाहिला आणि सायकलसकट सरळ चरात उडी घेतली. आमच्या रस्त्यावर अंधार पडला की कोळसा निघतो. डोंगरावरची झाडं चोरून तोडायची, जाळायची आणि कोळसा डांबरी रस्त्यावर नेऊन विकायचा. पकडलं तर पोतं जातं, सायकल जाते आणि अब्रू जाते ती वेगळी.

तेवढ्यात माझा दिवा पूर्ण विझला. काळाकुट्ट अंधार. चरातून आवाज आला, "साहेब, मी चर्चचा माणूस आहे. पोत्यात शेंगा आहेत."

आवाज ओळखीचा होता. मी म्हटलं, "मामा?"

मग: "जावईबापू, तू पोलिसात कधी गेलास?"

"पोलीस नाही, दिवा आहे तो. विझला."

"कसा विझेल? दुपारी तर चांगला चालत होता. बारा फोन झाले."

मी कपाळावर हात मारला. सिस्टर माझ्या मागून उतरली. "मामा, तुमच्याकडे काही उजेड आहे का?"

आणि चरात उजेड झाला. मामांच्या मोबाईलची बॅटरी. पांढरीशुभ्र. तिच्यात मामा दिसले, फाटलेलं पोतं दिसलं, आणि पोत्यातून सांडलेल्या शेंगा चांगल्या हाताएवढ्या आणि काळ्या होत्या.

सिस्टरने शेंगांकडे पाहिलंच नाही. ती उजेडाकडे बघत होती. "किती चार्ज आहे याला?"

"शंभर टक्के," मामा म्हणाले. "जावयाच्या दिव्यावर."

"मग मी तुमच्या सायकलवर बसते."

"पण पोतं?" मामांनी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

तर मंडळी, मामांचा मोबाईल रबराच्या पट्टीने त्यांच्या हँडलला बांधला गेला, सिस्टर त्यांच्या मागे बसली आणि ती दोघं छान उजेडात निघून गेली. मी पोतं कॅरिअरवर बांधलं आणि अंधारात सायकल ढकलत, दोनदा डबक्यात जाऊन, घरी पोचलो.

अंगणात सासूबाई, एनेलेस आणि आठ-दहा शेजारी बसले होते. मामा आधीच येऊन न्सिमा खात होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड केलं.

"एनेलेस, त्या माणसाला सांग, चोरट्या कोळशाचा धंदा करणारा आमच्या घराण्यात आजवर कुणी झाला नाही."

एनेलेसने मला ते सांगितलं. सांगताना तिचा आवाज कापला, आणि मला पहिल्यांदा खरंच वाईट वाटलं. मी मामांकडे बघितलं. मामांनी एक घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाले, "जाऊ दे ताई. पोराची चूक झाली. मी समजावतो त्याला."

सगळ्यांच्या समोर मामाला खोटं पाडायचं धाडस माझ्यात नव्हतं. रात्री एनेलेसला मात्र सगळं सांगितलं. ती आधी चिडली आणि मग इतकी हसली की पलीकडून सासूबाईंनी भिंतीवर थाप मारली. तेवढाच काय तो मला दिलासा.

शनिवारी बैठक भरली. मामांनी जाहीर केलं की सिस्टर नाचिसाले यांची रोजची सवारी त्यांना मिळाली आहे, त्यामुळे आता शेंगांचा धंदा ते बंद करत आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माझा विषय निघाला. मी कोळशाबद्दल माफी मागितली. मामांनी ती मोठ्या मनाने स्वीकारली.

"मात्र एक आहे," ते म्हणाले. "याने घराला जे दिलंय त्याचा मान राखला पाहिजे. आजपासून एक खुर्ची वाढवू या."

मी बादलीवरून उठलो. शर्ट खाली ओढला. आतून नवी खुर्ची आली, पाठीवर सासूबाईंच्या हातचं विणलेलं कापड घातलेली.

सासूबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या, "एनेलेस, त्या माणसाला सांग, तो दिवा खुर्चीवर ठेव. बादलीवर ठेवला की कोंबड्या पाडतात."

मी दिवा खुर्चीवर ठेवला. मामांचा फोन चार्जिंगला लावून दिला, संध्याकाळी त्यांना सवारी होती. मग परत बादलीवर येऊन बसलो.

आता मी काड्यापेटीएवढा दिवा घ्यायला त्या चौथ्या दुकानात जातोय. तेवढं फक्त घरी बोलू नका.