खाटेखालचा दुसरा भाग

वाचनालयात माणसांपेक्षा झुरळं जास्त यायला लागली, तेव्हा अध्यक्षांनी ग्रंथपालाला सुनावलं, "महिनाअखेर वाचक वाढले नाहीत तर कुलूप! मग बसा घरी, बायकोसमोर."

कुलपाचं काही नाही, पण या दुसऱ्या धमकीनं गडी हलला. लेकीकडून शिकून त्यानं मोबाईलवर वाचकांचा ग्रुप काढला. रोज एका पुस्तकाचा फोटो टाकायचा, हवं असेल त्यानं तिथंच नाव सांगायचं, पुस्तक बाजूला काढून ठेवलं जाईल. (आजवर हा खुर्चीतून उठत नव्हता. आता न उठता काम करायला लागला, एवढाच फरक.)

पहिलं पुस्तक फुलझाडांचं. वाचनालयात उजेडाची बोंब, म्हणून ते घरी आणून खिडकीजवळच्या खाटेवर मांडलं. फोटो झकास आला. ग्रुपवर टाकून स्वारी अंघोळीला गेली.

"अहो, मोबाईल नुसता ठणाणा करतोय!" बायको बाहेरून ओरडली.

"बघ, लोकांना फुलांची केवढी हौस!"

"फुलांना कोण विचारतंय? खाटेच्या पायाखाली काय आहे म्हणतायत."

ग्रंथपालाच्या तोंडात साबण गेला.

खाटेचा एक पाय आखूड. त्याखाली एका रहस्यकादंबरीचा जाडजूड दुसरा भाग दोन वर्षं दबून पडला होता. तो ढापल्याचा आळ यानं घेतला होता निवृत्त मास्तरांवर. त्यांचं सभासदत्वसुद्धा बंद करून टाकलं होतं.

मास्तरांनी शिंप्याच्या मोबाईलवर फोटो मोठा करून पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर वाचला आणि तडक दारात येऊन उभे राहिले. मागे शिंपी आणि नर्सबाई. पहिला भाग वाचून तिघंही खुनी कोण म्हणून तळमळत होते.

"मी चोर काय? उचला खाट!"

"मास्तर, बाइंडिंग सुटलं होतं हो. जरा दाबून ठेवलं..."

"दोन वर्षं? वर झोपून?"

"नुसतं झोपून नाही, घोरून," बायकोनं भर घातली.

पुस्तक निघालं. तिघांची ओढाओढ सुरू झाली, तशी बायको गरजली, "फाडाल! ग्रुपवर नंबर लावा."

ग्रंथपालानं ग्रुपवरच मास्तरांची माफी मागितली आणि त्यांचा पहिला नंबर लावला. हा तमाशा बघायला गावभरचे लोक ग्रुपात शिरले. ज्यानं त्यानं पहिला भाग मागितला, तो मिळेना म्हणून दुसरी पुस्तकं नेली. वाचनालयात बसायला जागा उरेना. अध्यक्षांनी खूष होऊन ग्रंथपालाला भर सभेत लाकडी सन्मानचिन्ह दिलं.

ते छातीशी धरून तो घरी आला. "कुठं ठेवू गं? आल्यागेल्याला दिसलं पाहिजे."

बायकोनं ते हातात घेऊन जाडी बघितली. नवऱ्याकडे इतक्या कौतुकानं तिनं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"अगदी मापाचं आणलंत," ती म्हणाली. "उचला खाट."