फेलिऊचं पोट

फेलिऊनं ताटातलं अर्धं सॉसेज बाजूला सारलं, तेव्हा रुझेला वाटलं, नवऱ्याच्या अंगात ताप आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं ताटात घेवड्याचा दाणासुद्धा कधी शिल्लक ठेवला नव्हता.

"बरं वाटत नाहीये का?"

"ठणठणीत आहे मी! पोट कमी करतोय."

"कुणाचं?"

"माझं! शास्त्रशुद्ध पद्धतीनं!"

रुझेनं आधी त्याच्या पोटाकडे पाहिलं, मग सॉसेजकडे. "आणि हे? टाकून कसं द्यायचं?" असं म्हणत तिनं ते आपल्या ताटात ओढलं आणि विषय संपवला.

आता फेलिऊचं पोट ही काही त्याची एकट्याची मालमत्ता नव्हती. गावात माणसांचे मनोरे रचणारं मंडळ होतं आणि त्या पोटावर खरा हक्क मंडळाचा होता. मनोऱ्याच्या तळाला चौघं उभे राहायचे, त्यांच्या खांद्यांवर दुसरा थर, त्यावर तिसरा, असे सात. तळाच्या चौघांत मुख्य ब्लाय. एवढं ओझं अंगावर घेऊन तो मागे कलंडू नये म्हणून त्याच्या पाठीला टेकण द्यायला एक भरभक्कम माणूस लागायचा, आणि सगळ्यांच्या भोवती गावाचा घट्ट वेढा. तो भरभक्कम माणूस म्हणजे फेलिऊ. ब्लायच्या कमरेला जिथं बाक होता, तिथं फेलिऊचं पोट मापानं शिवल्यासारखं बसायचं. "देवानं आधी माझी पाठ केली आणि मग तिला साजेलसं हे पोट," असं ब्लाय दोन ग्लास वाइन झाली की हमखास सांगायचा.

सगळे हसायचे. फेलिऊही हसायचा, पण त्याच्या मनात एक सल होता. तरुणपणापासून तो मनोऱ्यात होता आणि आपल्या मंडळाचा मनोरा त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मनोरा वर चढत असताना फेलिऊचं नाक ब्लायच्या मानगुटीत. वर काय चाललंय ते सनईचे सूर बदलले की कळायचं, आणि मान वर करेपर्यंत सगळे उतरून एकमेकांना मिठ्या मारत असायचे. मोबाइलवर पाहिला होता खरा, पण अंगठ्याएवढा.

म्हणून एकदा धीर करून त्यानं मंडळाच्या म्होरक्याला, म्हाताऱ्या एर्मेंगोलला गाठलं. "मला दुसऱ्या थरावर घ्या. एकदा तरी मान वर करून बघू दे."

"पोट घालव आणि चढ! या सांत सिमोच्या जत्रेला! शब्द दिला!" एर्मेंगोलनं छातीवर हात मारला. ते पोट कुठंही जात नाही याची त्याला पक्की खात्री होती.

पण मंडळाचे दुखरे खांदे बघायला येणारी मिरेया व्यायामशास्त्र शिकलेली होती. फेलिऊ जमिनीवर पडून पोटाचे व्यायाम करतोय म्हटल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

"काका, पोटाचे व्यायाम करून पोट जात नसतं. चरबी कुठून काढायची ते शरीर ठरवतं, आणि पोटावरची सगळ्यात हट्टी. तुम्ही असं करा. आधी थोडं थोडं, पण जीव खाऊन धावा. त्यानं ती जागची सुटते. मग लगेच झपाझप लांबवर चाला, म्हणजे जळते. नुसती सोडवून घरी येऊन बसलात ना, तर तीही तुमच्या मागोमाग घरी येते!"

"येऊ देतोय कुठला घरी!" फेलिऊ हरखून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चर्चच्या चढावर धावत सुटला. फेलिऊला धावताना गावात कुणीच पाहिलं नव्हतं. पाववाल्याला वाटलं, आग लागली. तो बादली घेऊन मागे धावला, त्याला बघून आणखी चौघं धावले, आणि ती फौज येताना बघून चर्चमधल्या माणसानं घंटा बडवायला सुरुवात केली.

"आग कुठंय?" सगळे ओरडले.

फेलिऊला धाप लागलेली. त्यानं नुसतं पोटाकडे बोट दाखवलं. त्याबरोबर "अपेंडिक्स! अपेंडिक्स!" असा गिल्ला झाला आणि चौघांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि व्यायाम चालू ठेवा म्हणून सांगितलं.

मंडळाला उन्हाळ्याची सुट्टी होती. फेलिऊ धावला, चालला, वजनं उचलली, आणि रोज अर्धं ताट सोडून उठला. शास्त्र खरं निघालं! चेहरा उतरला, मांड्या उतरल्या, आणि सगळ्यात शेवटी, अगदी नाइलाज झाल्यासारखं, पोटही गेलं. मनोऱ्यासाठी कमरेला बांधायचा काळा शेला गुंडाळताना टोक संपता संपेना. फेलिऊ आरशापुढे उभा राहून शीळ वाजवायचा. रुझेचे स्कर्ट मात्र त्याच सुमारास बसेनासे झाले. कपडे आटवते म्हणून तिनं धुलाई यंत्राच्या नावानं बोटं मोडली.

सुट्टी संपली आणि सरावाच्या दिवशी फेलिऊ पटांगणात आला तेव्हा टाळ्या पडल्या. एर्मेंगोलनं नाइलाजानं शब्द पाळला. फेलिऊ ब्लायच्या खांद्यांवर चढला. त्याच्या जुन्या जागी गावातले दातांचे उंच, किडकिडीत डॉक्टर उभे केले.

"मागे कोण आहे?" ब्लाय ओरडला. "मला बरगड्या लागतायत! बरगड्या नकोत मला!"

मध्ये उशी घातली. ती घसरली. डॉक्टरांच्या जोडीला आणखी एक जण दिला, तर दोघांच्या मधल्या फटीत ब्लायची पाठ जायला लागली. चौथा थर चढला आणि मनोरा मागे झुकला. सगळे वेढ्यातल्या माणसांच्या अंगावर पडले म्हणून कुणाला फार लागलं नाही. फक्त फेलिऊचं मनगट लचकलं.

"पोट परत आण!" एर्मेंगोल गरजला. "जत्रा तोंडावर आलीय!"

"तुम्हीच शब्द दिला होतात!"

"शब्द दिला होता! पोट कुठं दिलं होतं?"

गावात बातमी फुटायला कितीसा वेळ लागतोय! दुसऱ्या दिवसापासून फेलिऊच्या घरी खिमा भरलेल्या कॅनेलोनी आणि दुधातल्या खिरी यायला लागल्या. पाववाल्यानं तर लोण्यातले पाव आणून दारात रडायचंच बाकी ठेवलं. फेलिऊची पंचाईत झाली. खावं तर इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात, न खावं तर गावाशी वैर.

"एवढ्यात काही पोट परत यायचं नाही," मिरेयानं स्पष्ट सांगितलं.

फेलिऊ प्रत्येक भांड्यातला एक घास घ्यायचा आणि मान खाली घालून उठायचा. "लोकांनी इतक्या मायेनं दिलंय," रुझे म्हणायची, "टाकून कसं द्यायचं?"

शेवटच्या सरावाला रुझे रिकाम्या भांड्यांची चळत घेऊन तणतणत आली. "धरा आपापली भांडी! माझ्या घराची खानावळ केलीत!" ती ब्लायच्या मागून जात होती, तेवढ्यात त्याचा तोल गेला आणि तो पाठीवर कलला. पण पडला नाही.

"हलू नका! कोण आहे मागे?"

"मी आहे मेल्या! भांडी फुटतील!"

"रुझे, तुझ्या पाया पडतो, हलू नकोस." ब्लायनं डोळे मिटले आणि पाठ आणखी टेकवली. त्याचा चेहरा उजळला. "आलं! एर्मेंगोल, आपलं पोट परत आलं!"

मिरेयानं एकदा फेलिऊकडे पाहिलं, एकदा रुझेकडे. "घरी येतं म्हटलं होतं ना," ती पुटपुटली.

जत्रेच्या दिवशी चौक तुडुंब भरला. फेलिऊच्या मनगटाला पट्टी, म्हणून त्याला सनईवाल्यांशेजारी उभं केलं होतं. रुझे ब्लायच्या मागे शिरली आणि त्या गर्दीत दिसेनाशी झाली. सनई सुरू झाली. दुसरा थर, तिसरा, चौथा. मनोरा थरथरला, आणि फेलिऊनं सवयीनं मान खाली घातली. मग त्याच्या लक्षात आलं, आज बघायचंय! त्यानं मान वर केली. पाचवा. सहावा. घरांच्या सज्ज्यांच्याही वर, निळ्या आभाळात, शेंड्यावरच्या चिमुरडीनं हात उंचावला.

"आपला आहे!" फेलिऊ सनईवाल्याच्या कानात ओरडला. "एवढा मोठा! आपला आहे हा!" त्याला रडू आवरेना, आणि आवरायचंही नव्हतं.

रुझे बाहेर आली ती घामानं निथळत, केस विस्कटलेली, गालावर ब्लायच्या शर्टाच्या शिवणीचा वळ. "कसा होता रे?" तिनं धापा टाकत विचारलं. "मला काही म्हणता काही दिसलं नाही."

फेलिऊ चवड्यांवर उभा राहिला. त्यानं नुसता हात वर केला, जितका जाईल तितका.

रात्री जेवायला बसल्यावर रुझेनं ताट पुढे ओढलं. तिनं सॉसेजचे दोन तुकडे केले आणि त्यातला एक बाजूला सारला.

"बरं वाटत नाहीये का?" फेलिऊनं विचारलं.

"तू बघितलास ना मनोरा? मग आता मला बघायचाय. उद्या सकाळी मी येते त्या चढावर." आणि तिनं आपलं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

फेलिऊनं त्या अर्ध्या सॉसेजकडे पाहिलं. मग रुझेकडे पाहिलं. टाकून कसं द्यायचं! त्यानं काटा उचलला.