न निघणारा चिखल

प्रबंधाच्या शेवटच्या पानावर तिनं ठासून लिहिलं होतं, की पाणी गाळायच्या यंत्रातला पडदा मातीच्या बारीक कणांनी एकदा चोंदला की पुन्हा साफ होत नाही. पुरावा म्हणून तिनं एकवीस दिवस एका पडद्यातून गढूळ पाणी सोडलं होतं. आता त्यातून मिनिटाला जेमतेम दोन थेंब पडत. पोटच्या पोरासारखा जपलेला हा चिखल बघायला अकरा वाजता परीक्षक येणार होते आणि त्यावरच तिची डॉक्टरेट ठरणार होती.

दहा वाजता तिनं प्रयोगशाळेचं दार उघडलं, तर पडद्यातून पाणी धो धो वाहत होतं.

“मावशी, याला कोणी हात लावला?”

“मीच,” सफाईच्या मावशी कौतुकानं म्हणाल्या. “पाहुणे यायचे आणि ही घाण? उलटा करून मागून नळ सोडला, मऊ ब्रश फिरवला. दहा मिनिटांत लख्ख.”

तिला रडायलाही वेळ नव्हता. व्हरांड्यातल्या दोन कुंड्या रिकाम्या करून तिनं माती पाण्यात कालवली आणि ओतली. जाडीभरडी माती वरच बसली, पाणी आपलं खळखळत राहिलं.

“अशानं नाही चोंदायचं,” मावशींना तिची दया आली. “बारीक माती लागते. फडक्यातून गाळून घ्या.”

दोघी चिखल गाळायला बसल्या. तेवढ्यात तिचे मार्गदर्शक सर आले, आधी ओरडले, मग घड्याळ पाहताच कोट काढून मुकाट्यानं बादली ढवळू लागले. अकराला पाच कमी असताना पाणी थेंबांवर आलं. तिघांचेही हात कोपरापर्यंत माखले होते.

“हा एकवीस दिवसांचा?” परीक्षकांनी आल्या आल्या विचारलं.

“हो,” सर छताकडे बघत म्हणाले.

“आणि काही केल्या निघत नाही?”

“नाही सर,” ती पुटपुटली.

मावशींना हे सहन होईना. “काहीतरीच काय. सकाळीच काढला की मी,” असं म्हणत त्यांनी पडदा उलटा करून नळाखाली धरलासुद्धा. बघता बघता पाणी धो धो वाहू लागलं.

मग मात्र तिनं सगळं खरं सांगून टाकलं. परीक्षकांनी शेवटचं पान काढलं आणि त्यावर एक लांबलचक तिरपी रेघ ओढली.

“हे प्रकरण नव्यानं लिहा. सहा महिने देतो. आणि या भागापुरत्या मार्गदर्शक म्हणून मावशींना घ्या.”

सरांनी मान खाली घातली. मावशी हात पुसत म्हणाल्या, “सहा महिने कशाला? पोरगी हुशार आहे. दोन दिवसांत शिकेल ब्रश मारायला.”