चार किलो वेफर्स, तैवानसाठी

कुरियरचा फॉर्म कसा भरायचा हे काशीनाथांना कोणी शिकवायची गरज नव्हती. फोर्टातल्या एका ऑफिसात त्यांनी एकतीस वर्षं डिस्पॅच सांभाळलं होतं. आपल्या हातून गेलेलं एकही पार्सल परत आलं नाही, हे ते मिरा रोडच्या अख्ख्या सोसायटीला वर्षातून दोनदा तरी ऐकवत. त्यामुळे कुरियरवाल्या चंदनने पेन उचललं, तसं त्यांनी ते सरळ त्याच्या हातातून काढून घेतलं.

“अंकल, सिर्फ ‘घर का खाना’ लिख दो. चल जाता है,” चंदन म्हणाला.

“चल जाता है बोलके ही तो सब अटकता है,” काशीनाथ म्हणाले आणि वळणदार इंग्रजीत लिहू लागले. माल: वेफर्स, चार किलो. दर्जा: अत्यंत शुद्ध. तंत्र: स्वतःचं. उपयोग: चिरंजीव निकेत यांच्या कंपनीत वाटण्यासाठी.

निकेत तैवानला चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर होता आणि त्याची नोकरी कायम व्हायला दोन आठवडे उरले होते. बायको शुभदाच्या हातचे बटाट्याचे वेफर्स साहेबाने एकदा तळून खाल्ले की पुढचं सगळं आपोआप होईल, असा काशीनाथांचा बेत होता.

तिसऱ्या दिवशी कुरियर कंपनीच्या मुख्य ऑफिसातून इशिता नावाच्या मुलीचा फोन आला.

“सर, तुमचं पार्सल निर्यात नियंत्रणाच्या तपासणीत थांबलंय. थोडी माहिती हवीय. वेफरचा व्यास किती?”

काशीनाथांना भरून आलं. इतक्या बारकाईने काम करणारी माणसं हल्ली राहिलीत कुठे? “तीन इंच धरा.”

“जाडी?”

“एकदम पातळ. उजेडात धरला तर पलीकडचं दिसतं.”

“उत्पादन कुठे होतं?”

“आमच्या गच्चीवर.”

“तिथे क्लीन रूम आहे? बिनधुळीची?”

“अहो, सगळंच घर क्लीन आहे. आमची मिसेस चप्पल घालून कोणाला आत येऊ देत नाही.”

“आणि हे तंत्रज्ञान कोणाकडून मिळालं?”

“सासूबाईंकडून. पण बाहेर कोणाला दिलेलं नाही हं,” काशीनाथांनी ठासून सांगितलं. इशिताने आभार मानले आणि मी वर कळवते म्हणाली.

तिने कळवलं. संध्याकाळी निकेतचा फोन आला.

“बाबा, काय पाठवलंत तुम्ही?”

“वेफर्स. आईने केलेले.”

“बाबा, इथे वेफर म्हणजे सिलिकॉनची चकती. तिच्यावर चिप बनते. त्यावरून अमेरिका आणि चीनचं केवढं फाटलंय, पेपरात वाचता ना रोज? आणि माझ्या नावावर, कंपनीच्या पत्त्यावर, चार किलो वेफर येतायत. गच्चीवर बनवलेले, गुप्त तंत्राचे. कुरियरने कंपनीला विचारलं. माझं गेटचं कार्ड बंद केलंय त्यांनी. दुपारपासून कॅन्टीनमध्ये बसलोय मी.”

“अरे, मग सांग ना बटाट्याचे आहेत म्हणून.”

“सांगितलं. त्यांना लेखी हवंय. बनवायची पूर्ण पद्धत आणि खाली घरच्यांची सही. उद्या दुपारपर्यंत. नाहीतर चौकशी लागेल, मग कायम होणं विसरा.”

काशीनाथ मटकन सोफ्यावर बसले. पोराने सात वर्षं घासली होती आणि बापाने एका फॉर्मात त्याचं वाटोळं केलं होतं, तेसुद्धा वळणदार अक्षरात.

शुभदाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पद्धत मी देणार नाही.”

“अगं, काय बोलतेस?”

“सख्ख्या जावेला, नीलमला दिली नाही. वीस वर्षं मागे लागलीय ती. आणि तैवानला देऊ?”

“शुभदा, हे जगाचं राजकारण आहे,” काशीनाथ काकुळतीला आले. “आपली वस्तू खुशाल विकायची, पण ती बनवायची विद्या दुसऱ्याच्या हाती लागू द्यायची नाही, असं चाललंय सध्या.”

“मग मी काय वेगळं करतेय?”

“निकेतची नोकरी जाईल गं,” काशीनाथ म्हणाले.

शुभदाचा चेहरा उतरला. ती पदराला हात पुसून त्यांच्याशेजारी येऊन बसली आणि सांगू लागली. बटाटे कोणते, किसणी कुठली, उकळी किती, मीठ कधी, ऊन कसं. काशीनाथांनी दोन पानं भरली, ‘वरील माहिती पूर्ण व सत्य आहे’ असं लिहून खाली सही ठोकली आणि फोटो काढून पाठवला.

दुसऱ्या दिवशी फोन घेऊन ते गॅलरीत गेले, आत आले, संडासातही फोन घेऊनच गेले. तीन वाजता निकेतचा निरोप आला. कार्ड चालू झालं होतं. कंपनीतल्या तपासणीच्या साहेबाने दोन्ही पानं भाषांतर करून तीनदा वाचली आणि येत्या रविवारी घरी वेफर्स करून बघतो म्हणाला.

काशीनाथांचे डोळे पाणावले. त्यांनी निरोप शुभदाला मोठ्याने वाचून दाखवला.

“करू दे की,” शुभदा शेंगा सोलत म्हणाली. “लाल पडतील त्याचे.”

“का?”

“तुरटीच्या पाण्याचं मी कुठे सांगितलं?”

काशीनाथांनी आपल्या सहीचा फोटो उघडला. ‘पूर्ण व सत्य’ हे शब्द त्यांनी अगदी ठळक काढले होते, खाली दोन रेघाही मारल्या होत्या. रविवारपासून त्यांनी अनोळखी नंबरचे फोन घेणं बंद केलंय.