फोटोचं वजन

"फोटो लहान करणं म्हणजे काय, दुसरीचं गणित!" असं म्हणून गुरुजींनी बाह्या सरसावल्या आणि काकूंनी मुकाट्यानं गॅस बंद केला. नवऱ्यानं बाह्या सरसावल्या की त्या दिवशी स्वयंपाक वेळेवर होत नाही, हा त्यांचा संसारभराचा अनुभव!

झालं होतं असं, की मुलांच्या वाचनालयाला दर रविवारी गणिताच्या गोष्टी सांगणारे आजोबा हवे होते. अर्ज मोबाईलवरून करायचा, तोही आज पाचच्या आत. गुरुजींनी सगळं भरलं, पण घोडं फोटोपाशी अडलं. फोटो शंभर केबीपर्यंतच चालेल, असं लाल अक्षरांत येत होतं. काकूंनी मोबाईलवर काढलेला गुरुजींचा फोटो होता चार एमबीचा. म्हणजे चाळीसपट!

निवृत्त झाल्यापासून गुरुजींना शिकवायला कुणी उरलं नव्हतं. परवा त्यांनी काकूंना भोपळा चिरता चिरता अपूर्णांक समजावले. काकू उठून गेल्या, तेव्हा त्यांनी भोपळ्यालाच विचारलं, "कळलं का?" तेव्हा हा रविवार मिळणं ही दोघांचीही निकड होती!

"हे बघ," गुरुजी म्हणाले, "पिशवीत सामान जास्त, तर पिशवी जड. फोटोत सामान जास्त, तर फोटो जड. आता माझ्या मागे काय काय आहे बघ. पुस्तकांचं कपाट, घड्याळ, पडदा..."

"आणि पुढे पोट आहे," काकू म्हणाल्या.

पोटाचा विषय सोडून गुरुजींनी घड्याळ उतरवलं, पडदा काढला, कपाट रेटत रेटत बाहेर जिन्यापाशी नेलं. काकूंनी पुन्हा फोटो काढला. साडेतीन एमबी!

"बघ! उतरला की नाही!"

झालं! गुरुजींना हुरूप आला. टेबल गेलं, खुर्च्या गेल्या, भिंतीवरचे खिळेसुद्धा उपटले. "अहो, खिळ्याचं असं कितीसं वजन?" काकूंनी विचारलं. "थेंबे थेंबे तळे साचे!" गुरुजी गरजले आणि कोटाची बटणं तोडायला बसले.

तेवढ्यात समोरचे टेलरकाका दार उघडून बाहेर आले आणि कपाटावर आदळले.

"घर सोडताय, गुरुजी?"

"छे हो! फोटो लहान करतोय!"

टेलरकाकांनी तापात बरळणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "विश्रांती घ्या," एवढंच म्हणाले आणि खाली जाऊन सांगितलं, की गुरुजी घर सोडून चाललेत आणि धक्क्यानं डोकं फिरलंय! मग काय, सगळी इमारत जिन्यात! एका आजींनी काकूंच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. टेलरकाकांनी खिशातली टेप काढून कपाटाचं माप घेतलं. "विकायचं असेल तर पहिला हक्क शेजाऱ्याचा!"

आत रिकाम्या खोलीत गुरुजी जमिनीवर बसले होते. फोटो तीन एमबीवर अडून बसला होता आणि पाच वाजत आले होते.

"जाऊ दे," ते हळूच म्हणाले. "मुलांना दुसरे आजोबा मिळतील."

काकूंना गलबलून आलं. मन हलकं करायला त्यांनी धाकट्या बहिणीला रिकाम्या भिंतीपुढचा फोटो पाठवला. लिहिलं, 'बघ तुझ्या भावोजींची दशा!' बहिणीनं तोच परत पाठवून विचारलं, 'चेहरा का पडलाय?' घाईघाईत काकूंनी तो परत आलेलाच फोटो अर्जाला लावला. लाल अक्षरं आलीच नाहीत! अर्ज गेला!

काकूंनी बहिणीला फोन लावला. "काय केलंस गं तू?"

"मी कुठे काय केलं, ताई? मेसेजमधून पाठवला की फोटो आपोआप बारीक होतो. दोनदा गेला, जास्तच बारीक झाला असेल."

"म्हणजे दिवसभर मी जे करू शकलो नाही, ते तुमच्या चहाड्यांनी केलं?" गुरुजी ओरडले.

"हो! आता कपाट आत घ्या, नाहीतर टेलरकाका नेतील."

वाचनालयानं गुरुजींना घेतलं. एवढंच नाही, तर कौतुकानं त्यांचा फोटो मोठा करून दारावर दाराएवढा लावला! आता इवलासा केलेला फोटो दाराएवढा ताणल्यावर काय होणार? नाकाच्या जागी पाच-सहा करडे चौकोन आणि टकलाच्या जागी नुसता उजेड! रविवारी दारावरच्या बाईंनी गुरुजींना बाजूला बसवलं. "थांबा हं, गोष्टवाले आजोबा यायचेत."

"अहो, तो मीच!"

मुलांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा गुरुजींकडे. कुणाचाच विश्वास बसेना. शेवटी दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, "डोळे अगदी बारीक करून बघा, मग तेच वाटतात."

मग काय, गोष्ट संपेपर्यंत एकूण एक मुलगा-मुलगी डोळे बारीक करून गुरुजींकडे टक लावून बसली.

गुरुजी घरी आले ते तरंगतच!

"अगं, उभ्या नोकरीत इतकं एकाग्र होऊन माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं!"