खाकी कागदावरची कादंबरी

दुकानात एकोणीस कपडे शिवायचे पडलेले असताना सुनेने कादंबरी लिहायला घेतली. वाचनालयाने पैज लावली होती: तीस दिवसांत कादंबरी लिहून शेवटच्या दिवशी पाचच्या आत आणून द्यायची. जो पुरी करील त्याचं पुस्तक कपाटात लागेल. सुनेने आधी अर्ज भरला आणि मग घरी सांगितलं. हल्ली असंच चालतं.

"बटण लावायला वेळ नाही आणि बाई राजाराणी लिहिणार," सासूबाई म्हणाल्या.

"राजाराणी नाही, आई. खून आहे."

"माझाच असेल."

मुलगा इस्त्री करता करता म्हणाला, "लिहू दे ना तिला."

"लिहू दे की. पण एक जरी कपडा उशिरा गेला, तर त्याच दिवशी पेन चुलीत."

सून शब्दाची पक्की निघाली. इस्त्री तापेपर्यंत चार ओळी, गिऱ्हाईक आरशासमोर वळेपर्यंत दोन. पॅटर्न कापायचा खाकी कागद हाताशी असायचा, त्यावरच ती लिही आणि गुंडाळी कापडाच्या ताग्यांमागे उभी करून ठेवी. एकही कपडा उशिरा गेला नाही. सासूबाई मनातून खट्टू झाल्या. बोट ठेवायला जागाच सापडेना.

सव्विसाव्या दिवशी कादंबरी संपली. सत्ताविसाव्या दिवशी सून बटणं आणायला बाहेर गेली. बँडवाल्यांचे आठ कोट तीन दिवसांत द्यायचे होते, आठांची आठ पोटं निराळी, आणि पॅटर्नचा कागद संपलेला. सासूबाईंना ताग्यांमागची गुंडाळी दिसली. त्यांची शाळा दुसरीतच सुटलेली. आकडे झरझर वाचत, अक्षरं एकेक करून. लिहिलेला कागद म्हणजे वापरलेला कागद, अशी त्यांची सरळ समजूत. कात्री मात्र चाळीस वर्षांत चुकली नव्हती, ती त्या दिवशीही चुकली नाही. पहिली कॉलर बँडमास्तरची. कॉलर ताठ ठेवणारा कॅनव्हास पुरेना म्हणून तिच्यात कागदाचाच तुकडा शिवून टाकला.

सून परतली तेव्हा तिच्या इन्स्पेक्टरच्या दोन बाह्या झाल्या होत्या. तिने टेबलाकडे पाहिलं, ही कादंबरी होती एवढंच सांगितलं आणि मशीनवर बसून अस्तर जोडू लागली.

"बोल की अजून काहीतरी," सासूबाई म्हणाल्या.

"काय बोलू? काम कुठे अडलं?"

हे मात्र चांगलंच झोंबलं. माफी मागायची सवय सासूबाईंना नव्हती, आणि या वयात नवी सवय कोण लावून घेतो?

पुढचे दिवस कोटांत गेले, पुन्हा लिहायला सवडच नव्हती. तिसाव्या दिवशी सून कोट पोचवायला गेली आणि सासूबाई कागदाचे तुकडे घेऊन मशीनवर बसल्या. कागद काही कापडापेक्षा शहाणा नसतो. जोडायचा क्रम त्यांना पाठ होता: आधी पाठ, मग पुढा, मग बाह्या, शेवटी कॉलरी. मोठा टाका घातला आणि पावणेपाचला ते भेंडोळं स्वतः नेऊन वाचनालयाच्या टेबलावर आदळलं. घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "दिलं."

सुनेने कपाळाला हात लावला.

पुढचा आठवडा दोघी कामापुरत्या बोलल्या. सासूबाई तेवढ्या रोज चारला दोरा आणायला म्हणून वाचनालयाच्या रस्त्याने जायच्या. दोरा काही घरी यायचा नाही.

आठव्या दिवशी ग्रंथपाल बाई दुकानात आल्या. सुनेने हातातली सुई खाली ठेवली.

"माणूस पहिल्या पानावर मरतो, मध्ये लग्न करतो आणि शेवटी जन्माला येतो," बाई म्हणाल्या. "मी दोनदा वाचलं. पुस्तक कपाटात लागणार. ही उलटी मांडणी सुचली कुणाला?"

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. "लिखाण माझं. कटिंग आईंचं."

"शिलाईसुद्धा," सासूबाई म्हणाल्या.

"पण एक तुकडा कमी आहे. खून केला कुणी?"

"तो बँडमास्तरच्या कॉलरमध्ये आहे," सासूबाई म्हणाल्या. "पोट सुटलं की येईल कोट सैल करायला, तेव्हा उसवू."

"तोवर कोण थांबणार? तुम्हीच सांगून टाका," बाई सुनेला म्हणाल्या.

सुनेने तोंड उघडलं.

"सांगू नकोस गं," सासूबाई खाली मान घालून सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "मी अजून उजव्या बाहीपर्यंतच आलेय."