चार नळ्या आणि एक बारसं

या एप्रिलमध्ये मी ठरवलं, की बर्फगाडी (बर्फावरून चालणारी स्कूटरच म्हणा) मेकॅनिककडे न्यायची नाही, आपणच उघडायची. बस, एवढंच ठरवलं. याहून मोठे निर्णय मी आयुष्यात घेतलेत. लग्न केलं, नगरपालिकेच्या पाणीखात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली, आणि दोन्ही बऱ्यापैकी निभावलं. पण माणूस बुडतो तो गुडघाभर पाण्यातच.

गाडी हिवाळाभर धापा टाकत होती. मी म्हणत होतो, वय झालं तिचं. (हल्ली मी बऱ्याच गोष्टींना हेच कारण देतो, स्वतःला धरून.) पण लेकीच्या बाळाचं बारसं ठरलं आणि धापा टाकणारी गाडी चालवून घेण्यासारखी राहिली नाही. आमची वुओक्को तळ्याच्या पलीकडच्या काठावर राहते. तिच्या घराला रस्ता नाही. उन्हाळ्यात होडीने जायचं, हिवाळ्यात बर्फगाडीने, आणि बर्फ वितळायच्या पाच-सहा आठवड्यांत फक्त फोनवर बोलायचं. बारसं एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी होतं. तो शनिवार हुकला की पुढचा मुहूर्त थेट जूनमध्ये. पाद्रीबाईंना अलीकडच्या काठावरून बारापर्यंत पोचवायचं होतं, कारण तीन वाजता त्यांना चर्चमध्ये एक अंत्यविधी होता.

"बाबा, पाद्रीबाईंना आर्मासमामा आणतील," वुओक्को फोनवर म्हणाली.

"मी आणणार," मी म्हणालो.

मग ती म्हणाली, "बरं." पोटच्या पोरीने इतक्या काळजीने म्हटलेलं 'बरं' ऐकलं की बापाला काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. मलाही वाटलं. मला खरंच फार वाटलं, की एकदा तरी या पोरीचं काम आपल्या हातून धड व्हावं.

तर गाडी उघडली. इंजिनाला हवा पुरवणारी एक काळी प्लॅस्टिकची पेटी असते, तिला एअरबॉक्स म्हणतात. ती काढली आणि आत उंदराचं घरटं निघालं. छान ऊबदार, दोन खोल्यांचं वाटावं असं. उंदीर मात्र घर सोडून गेलेले. त्या पेटीला चार नळ्या होत्या. कारकुनाच्या सवयीने मी नळ्या काढण्याआधी प्रत्येकीला आउनेच्या (म्हणजे बायकोच्या) विणकामाच्या टोपलीतली लोकर बांधली. लाल, निळी, पांढरी आणि हिरवी. आपल्या शिस्तीचं मलाच कौतुक वाटलं. पेटी धुतली, वाळवली, परत बसवायला घेतली, तेव्हा लक्षात आलं, की लोकर नळ्यांना बांधली, पण त्या ज्या तोंडांवर बसवायच्या त्या तोंडांना बांधलीच नाही. थोडक्यात, चौघींची नावं माहीत होती, पत्ता एकीचाही नव्हता.

नेमका तेव्हा आर्मास आला. आर्मास माझा मेहुणा. त्याच्याकडे हुबेहूब माझ्यासारखीच गाडी आहे, कारण कोणती गाडी घ्यावी हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही आणि एकाच आठवड्यात तीच घेऊन आलो. तो बाकावर बसला, थर्मासमधली कॉफी ओतून घेतली आणि बघत राहिला.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. दुसऱ्याच्या यंत्राबद्दल कोणी न विचारता मत देत नाही. आणि ज्याचं यंत्र आहे तो विचारत नाही, कारण विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही असं चारचौघांत कबूल करणं. त्यामुळे आमच्याकडची यंत्रं फार शांततेत बिघडतात.

आर्मास पूर्वी लाकूडतोडीच्या मोठ्या यंत्रांवर होता. चुकलो तर तो बोलेल, निदान खाकरेल, असा माझा हिशेब. मी लाल नळी एका तोंडावर बसवली आणि हळूच त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "हं." निळी बसवली. "हं." पांढरीला जरा जोर लावावा लागला, तेव्हा त्याने मान तिरकी करून आत डोकावून पाहिलं आणि पुन्हा "हं" केलं. हिरवीला बसेल असं तोंडच उरलं नव्हतं. जे एक उरलं होतं त्यात ती बसेना. मी ती मोठ्या आत्मविश्वासाने खाली सोडून दिली, जणू कारखान्यातही ती तशीच सोडतात. आर्मासने कॉफी संपवली, "चला," म्हणाला आणि गेला. पास झालो, असं मला वाटलं.

गाडी शेडमध्ये झकास सुरू झाली. शनिवारी सकाळीही सुरू झाली. आउने आदल्या दिवशीच तिच्या पिवळ्या जुन्या गाडीवरून वुओक्कोकडे गेली होती. त्या गाडीचं वय आमच्या वुओक्कोएवढं आणि ती दोरी ओढून सुरू करावी लागते. चर्चजवळच्या काठावर पाद्रीबाई रित्वा उभ्या होत्या. जाड जाकिटाच्या गळ्यातून त्यांची पांढरी कॉलर दिसत होती. त्या मागे जोडलेल्या स्लेजमध्ये, म्हणजे बिनचाकी घसरगाडीत, बसल्या, रेनडिअरचं कातडं पायांवर घेतलं, गाडीकडे जरा कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "निघू या."

अर्धं तळं सुरेख पार पडलं. मग पाणथळ बर्फ लागला. चिखलासारखा तो बर्फ गाडीखालून उडत होता, आणि माझी हिरवी नळी तिथेच तोंड उघडं टाकून लोंबत होती. ती इंजिनाची उच्छ्वास सोडायची नळी होती, हे मला नंतर कळलं. तिच्या तोंडात बर्फ बसला. कोंडलेल्या इंजिनाने मग तेल मोजायची कांडी उडवली आणि तिच्या भोकातून तेल बाहेर काढलं. थोडं काचेवर गेलं, बरंचसं माझ्यावर, आणि जे मला चुकवून गेलं ते पाद्रीबाईंच्या कॉलरवर. गाडी थांबली. साडेअकरा वाजले होते.

पाद्रीबाईंनी हातमोज्याने चेहरा पुसला. त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला वुओक्कोचं ते 'बरं' आठवत होतं. अभिमान गिळून मी आर्मासला फोन केला. तो केक घेऊन माझ्यामागून निघणार होता.

"आर्मास, मी तळ्यात अडकलोय. लवकर ये."

"दाजी," तो म्हणाला, "तुमच्या मागे लांबवर एक काळा ठिपका दिसतोय का?"

मी वळून पाहिलं. दिसत होता.

"तो मी आहे."

पुढचं मी त्याच्याकडून कण्हत कण्हत ऐकून घेतलं. त्याच्या गाडीतही घरटं होतं. त्या दिवशी तो माझ्या चुका काढायला आला नव्हता, शिकायला आला होता. घरी जाऊन त्याने पेटी काढली आणि मी बसवल्या तशाच नळ्या बसवल्या. हिरवीच्या जागची नळी खाली सोडली, म्हणून त्याचीही गाडी आता बंद पडली होती.

"अरे, पण तू 'हं' म्हणत होतास."

"लक्षात ठेवत होतो," आर्मास म्हणाला.

राहता राहिली आउने. तिला फोन केला तेव्हा तिने फक्त "कुठे?" एवढं विचारलं. वीस मिनिटांत पिवळी गाडी फटफटत आली. माझ्याकडे एकदा आणि कॉलरकडे एकदा पाहून तिने माझ्या गाडीची स्लेज सोडवली आणि आपल्या गाडीला जोडली. मग मला पाद्रीबाईंच्या मागे बसवून ती आधी उलट दिशेला गेली आणि आर्मासला उचलून आणलं. बारशाच्या पाहुण्यांनी खिडकीतून पाहिलेली वरात अशी होती: पुढे आउने, मागे पाद्रीबाई, त्यांच्या मागे तेलाने माखलेला आजोबा, आणि सगळ्यांत शेवटी मांडीवर केक घेतलेला मामा.

पाऊण वाजता बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं. बाळाचं नाव लुमी ठेवलं. मी रडलो, पण चेहऱ्यावर तेल असल्याने ते कोणाला कळलं नाही, असं मी धरून चाललो आहे. वुओक्कोने येऊन माझा हात धरला आणि म्हणाली, "पोचलात ना, झालं तर." त्या वाक्याने मी जरा सावरलो.

कॉफीच्या वेळी पाद्रीबाई शेजारी बसल्या. कॉलर त्यांनी साबणाने धुतली होती, तरी ती आता करडी होती. सहज म्हणाल्या, "काठावरच ऐकलं होतं मी, खाली काहीतरी फुसफुसतंय. माझ्या भावाकडे हीच गाडी आहे. उच्छ्वासाची नळी सुटलेली असणार, असं वाटलंच होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

मी कप खाली ठेवला. एकतीस वर्षांची नोकरी, छप्पन्न वर्षांची अब्रू, सगळं आज तेलातच गेलं होतं. आता आणखी काय जाणार? मी उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा चारचौघांत विचारलं, "या खोलीत कोणाला माहीत आहे, की त्या चार नळ्या कुठे कुठे लावायच्या?"

आर्मासने मान खाली घालून केक खाल्ला. बाकी अकरा हात वर झाले. आउनेच्या उजव्या हातात कॉफीची किटली होती, म्हणून तिने डावा केला.